चौथी बाजू

माझ्या पोटात दुखत होतं, हे आधीच कबूल करून टाकते. लेक माझी, भूमिती माझी, आणि स्पर्शिकेची उदाहरणं सोडवायला ह्या लेकबाई रोज संध्याकाळी पाचच्या ठोक्याला वही काखेत मारून खाली मोठ्या आईकडे जायच्या.

मोठी आई म्हणजे माझी थोरली जाऊ. खालच्या मजल्यावर राहते, शिवणकाम करते. शिक्षण आठवीपर्यंत, तेही गणितात कसंबसं ढकललेलं, हे तीच हसत हसत सगळ्यांना सांगते. आणि मी गेली अकरा वर्षं वरच्या मजल्यावर, आमच्या बाहेरच्या खोलीत, जेवणाच्या टेबलाभोवती दहा-बारा मुलं बसवून भूमिती शिकवते. नुसती भूमिती. बीजगणितासाठी मुलं कुठेही जावोत, वर्तुळाच्या प्रकरणासाठी दोन बस बदलून माझ्याकडे येतात. मुलं माझ्यामागे मला त्रिज्याबाई म्हणतात. मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही. स्पर्शिका दिसली की पहिलं काम एकच. वर्तुळाच्या मध्यापासून ती रेघ जिथे टेकते तिथपर्यंत त्रिज्या काढायची. तिथे काटकोन होतो, आणि काटकोन हाती आला की निम्मं उदाहरण सुटलं. एवढी सोपी गोष्ट, पण एखादं मूल नुसतं आकृतीकडे टक लावून बसतं. मग माझ्याच्यानं राहवत नाही. मी लाल पेन्सिल घेते आणि त्रिज्या काढून मोकळी होते.

लेकही त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर बसायची. परीक्षा दोन महिन्यांवर आली आणि एके दिवशी वह्या गोळा करत म्हणाली, "आई, आजपासून मी वर्तुळं मोठ्या आईकडे करणार."

"तिथे काय करणार तू? काजं?"

"उदाहरणं करणार."

"तिथे येतात कोणाला उदाहरणं?"

"मला यायला हवीत ना," ती म्हणाली आणि जिना उतरून गेलीसुद्धा.

जाऊबाईंना मूलबाळ नाही. माझी लेक रांगायला लागल्यापासून त्यांच्या शिवणाच्या मशीनखाली खेळली, चिंध्यांच्या ढिगात झोपली, पहिलं पाऊल तिने टाकलं तेही खालीच. तेव्हा मला बरंच वाटायचं, माझे हात मोकळे व्हायचे. ती त्यांना मोठी आई म्हणायला लागली तेव्हाही मी काही बोलले नाही. नातं तेच आहे, हाक तीच मारायची असते. ते सगळं मी दिलं. पण भूमिती द्यायची नव्हती. ती एक गोष्ट घरात माझी होती, आणि आता मोठी आईच त्यातही मोठी व्हायला निघाली होती.

"अगं, मार्क पडल्याशी कारण," आमचे हे म्हणाले.

"तुम्ही तुमचं वर्तमानपत्र वाचा," मी म्हटलं. त्यांनी वाचलं.

मी चोरून तिची वही बघितली. आईने लेकीची वही बघणं ही काही चोरी नव्हे, पण ती अंघोळीला गेल्याची खात्री करून मी ती उघडली, म्हणजे चोरीच. आधीची पानं बघून छाती भरून आली. पानापानावर माझ्या लाल त्रिज्या, ठाम, एका झटक्यात काढलेल्या. मग खाली जायला लागल्यानंतरची पानं. तिथे लाल काहीच नव्हतं. त्रिज्या होत्या, पण बारीक, तुटक, दोन-तीनदा खोडून काढलेल्या, आणि रेघ अशी की जपून मापून मारलेली. ही रेघ माझ्या लेकीची नाही, मी मनाशी म्हटलं. ही कापडावर खडूने आखणाऱ्या बाईची रेघ आहे. बाजूच्या समासात लिहिलं होतं, ‘पट्टा चाक सोडतो ती जागा.’

ती बाहेर आली तेव्हा मी वही तशीच हातात धरून उभी होते. लपवायचं सुचलंच नाही.

"ही काय भाषा आहे?"

"स्पर्शबिंदू," ती केस पुसत म्हणाली. "मोठ्या आईचं मशीन बघ ना. चामड्याचा पट्टा खालच्या मोठ्या चाकावरून सुटतो आणि सरळ वरच्या लहान चाकाला जाऊन लागतो. दोन वर्तुळांना एकच स्पर्शिका. पुढून एक, मागून एक."

"मी डब्यांची दोन झाकणं आणि दोरी घेऊन हेच दाखवलं नव्हतं का तुला?"

"दाखवलंस. पण दोरी तू धरली होतीस."

मला त्या वाक्याचा राग आला, आणि राग का आला ते मी शोधत बसले नाही.

पुढच्या आठवड्यात शाळेतल्या चाचणीचे मार्क मिळाले. वर्तुळावर वीसपैकी अठरा. माझ्या टेबलावर बसायची तेव्हा बाराच्या वर गाडी सरकत नव्हती. आनंद झाला, खोटं कशाला बोलू, आणि पाठोपाठ नाकाला मिरच्या झोंबल्या. कारण तो पेपर आधी खाली दाखवून झाला होता. मी वर पोरांना जीवा शिकवत होते आणि फरशीखालून दोघींचं हसणं ऐकू येत होतं. एका पोराने विचारलं, "बाई, खाली काय चाललंय?" मी म्हटलं, "जीवेकडे लक्ष दे."

त्या दिवशी मी ठरवलं की जाऊबाईंना एकदा त्यांची जागा दाखवायचीच.

माझ्या नोट्सची एक पुस्तिका आहे. चौसष्ट उदाहरणं, सगळी माझी, आकृत्या माझ्या हाताच्या. शेवटचं, चौसष्टावं, माझं लाडकं. चौकोनाच्या आत वर्तुळ, तीन बाजू अकरा, तेरा आणि नऊ सेंटिमीटर, चौथी किती? हुशार पोरंसुद्धा तिथे पाच मिनिटं डोकं खाजवतात. मग एखाद्याच्या लक्षात येतं की प्रत्येक कोपऱ्यातून वर्तुळाला निघालेल्या दोन स्पर्शिका सारख्या लांबीच्या असतात, म्हणून समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सारखीच येणार. अकरा आणि नऊ वीस, विसातून तेरा गेले, सात. अकरा वर्षं सात. कोणी सात म्हणालं की मला दरवेळी तितकाच आनंद होतो.

वर्गाला सुट्टी होती त्या दिवशी मी ते उदाहरण स्वच्छ कागदावर उतरवलं, आकृती कंपासने काढली आणि लेकीच्या हातात दिलं.

"हे करून आण," तोंडात साखर घोळवत मी म्हटलं. "अडलं तर मोठ्या आईला विचार."

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि खाली गेली.

मी दहा मिनिटं कशीबशी काढली. मग कपाटातलं निळ्या पडद्याचं कापड बाहेर काढलं. सहा महिने ते तसंच पडलं होतं, त्या दिवशी अचानक त्याला खालची शिवण घालून घेणं फार निकडीचं झालं. जिना उतरले. जाऊबाईंचं दार गिऱ्हाइकांसाठी दिवसभर अर्धं उघडंच असतं. मी शेवटच्या पायरीवर, दाराच्या अलीकडे थांबले. आत जायचंच होतं, पण आधी त्यांची फजिती कानांनी ऐकायची होती. मशीन चालू होतं, मग थांबलं.

"हे आईचं सगळ्यात आवडतं आहे," लेक सांगत होती. "म्हणजे बघ, एका कोपऱ्यातून दोन स्पर्शिका निघाल्या की त्या सारख्या असतात."

"ते झालंय आपलं. रिळाला दोरा घालून दोन्ही टोकं चिमटीत धरली होती."

"हां, तेच. तर इथे चार कोपरे, चार जोड्या. मग समोरासमोरच्या बाजू मिळवायच्या. अकरा आणि नऊ वीस. वीस वजा तेरा. सात!"

मला धक्काच बसला. पाच मिनिटंही लागली नव्हती. आणि आठवी झालेली बाई शिकवत नव्हती, शिकत होती. शिकवत होती ती माझी लेक. त्या तुटक, खोडलेल्या त्रिज्या तिच्याच होत्या. मी त्या ओळखल्या नाहीत, कारण तिच्या हाताची त्रिज्या मी कधी बघितलीच नव्हती. बघणार कशी? दरवेळी मीच काढलेली असायची.

"थांब," जाऊबाई म्हणाल्या. "चार जोड्या कधी? चारही बाजू वर्तुळाला टेकल्या असतील तर ना?"

"टेकल्यात की."

"कशावरून?"

"दिसतंय आकृतीत."

"आणि तुझी आई काय सांगते म्हणालीस परवा? आकृतीवर..."

"आकृतीवर विश्वास ठेवायचा नाही. दिलंय काय ते वाचायचं."

"मग वाच की बाई. गिऱ्हाईकपण मला सांगतं, अंगाला नीट बसलंय. बोट घालून बघितलं की ही एवढी फट."

हे वाक्य, आकृतीवर विश्वास ठेवू नका, मी दर वर्षी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिते. ते खाली पोचलं होतं तर. क्षणभर मला बरं वाटलं. तेवढ्यात लेक वाचायला लागली, आधी भरभर आणि मग एकदम सावकाश.

"एका चौकोनाच्या तीन बाजूंना वर्तुळ स्पर्श करते. त्या बाजूंची लांबी अनुक्रमे..." ती थांबली. "तीन."

"तीनच लिहिलंय?"

"तीनच."

"मग चौथी टेकत नसेल तर किती असेल?"

"कितीही. हे खालचे दोन कोन जरा उघडले की ती लांब होणार, मिटले की आखूड होणार. वर्तुळ लहान-मोठं होईल, पण ह्या तिघींना टेकलेलंच राहील."

"म्हणजे सात नाही?"

"सात असू शकते. असेलच असं नाही."  मग लेक हळू आवाजात म्हणाली, "मोठी आई, आईचं उदाहरण चुकलंय."

माझी बोटं हातातल्या पडद्याच्या कडेचे दोरे ओढायला लागली. तीन बाजूंची लांबी दिली आहे, असं मला म्हणायचं होतं. टेकतात चारही, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की कागदावर लिहायचं राहूनच गेलं. आणि अकरा वर्षांत एकाही पोराला ते दिसलं नाही, कारण कोणी जरा थबकलं की मी आकृतीवर बोट ठेवून ‘हे बघ’ म्हणायची. मला त्या क्षणी लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण आधी हेवाच वाटला. चूक सापडावी तीही त्यांनाच!

"तू आईला सांगू नकोस हं," लेक म्हणाली.

"मी कशाला सांगू? पण तू सांग."

"नको. तिला किती लागेल. रात्रभर झोपायची नाही ती. मी सातच लिहून देते."

"आणि मला विचारलंस त्याचं काय सांगशील?"

"तुला आलं नाही म्हणून सांगते. चालेल?"

जाऊबाई हसल्या. "मला कुठे काय येतंय! चालेल."

मी पावलांचा आवाज न करता वर आले. पुस्तिका काढली. चौसष्टावं उदाहरण. तीन बाजूंना. माझंच अक्षर.

अर्ध्या तासाने लेक वर आली आणि कागद माझ्यासमोर ठेवला. सगळ्या पायऱ्या नेटक्या, चारही त्रिज्या काढलेल्या, काटकोनांच्या खुणा केलेल्या, शेवटी दुहेरी रेघ मारून उत्तर सात सेंटिमीटर.

"मोठ्या आईला नाही आलं," ती खिडकीकडे बघत म्हणाली. "मीच केलं."

घ्या! मला हवं होतं ते अगदी तसंच, तबकात घालून आल्यासारखं माझ्यापुढे आलं होतं. जाऊबाई हरल्या, मी जिंकले, उद्यापासून लेक पुन्हा टेबलाच्या कोपऱ्यावर. फक्त लाल पेन्सिलने बरोबरची खूण करायची होती. मी पेन्सिल उचललीसुद्धा. पण त्या दोघींनी मिळून मला सांभाळून घेतलं होतं. पोरीने माझ्यासाठी खोटं बोलून, जाणूनबुजून चुकीचं उत्तर सुंदर अक्षरात लिहून आणलं होतं. जाणूनबुजून चुकीचं लिहायला तर मी तिला माझ्या टेबलावरही कधी लावलं नव्हतं. आणि मी त्याच्यावर बरोबरची खूण केली असती तर ती मला आयुष्यभर सांभाळूनच घेत राहिली असती.

"चौथी बाजू टेकते कशावरून?" मी विचारलं.

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"आकृतीत दिसतंय," ती जपून म्हणाली.

"आकृतीवर विश्वास ठेवायचा नसतो. दिलंय काय?"

"आई, तू खाली आली होतीस?"

मी पेन्सिल तिच्यापुढे सरकवली. "खूण तू कर. बरोबर की चूक, जे असेल ते."

तिने लाल पेन्सिल हातात घेतली, बराच वेळ तशीच धरली. मग उत्तरावर काट न मारता वरच्या ओळीत ‘तीन’ या शब्दाभोवती गोल केला आणि बाजूला प्रश्नचिन्ह काढलं. तिने काढलेला गोल वेडावाकडा होता. मी तो दुरुस्त केला नाही.

"मी उद्या परत खाली जाऊ?" तिने विचारलं.

जाऊ नको, असं जिभेवर आलं होतं. "जा," मी म्हटलं. ते म्हणताना पोटात पुन्हा दुखलं.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना सगळं सांगून टाकलं. दहा जणांनी पुस्तिका उघडल्या, खाली बघितलं, वर बघितलं, आणि एक जण म्हणाला, "बाई, माझ्या दादाने पण सातच लिहिलं होतं. त्याला पूर्ण मार्क दिले होते तुम्ही." मी म्हटलं, "दादाला घेऊन ये, परत घेते." सगळी हसली. मग वर्ग जरा लवकर सोडला आणि पाच वाजता पडद्याचं कापड घेऊन खाली गेले. या वेळी दार वाजवलं.

"ये," जाऊबाई म्हणाल्या. मशीनवरून नजरही न उचलता त्यांनी शेजारच्या खिडकीच्या कट्ट्यावरून एक निळा दोरा उचलून माझ्यापुढे धरला. "हा काल पायरीवर सापडला. म्हटलं, आज येशील."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.  त्यांनी पडदा पसरला, एक कड मशीनच्या सुईखाली घातली आणि उरलेलं सगळं कापड माझ्या दोन्ही हातांत दिलं.

"जड आहे, ओढलं जातं. घट्ट धर आणि मी सांगितल्याशिवाय सोडू नकोस."

मी स्टुलावर बसले. पलीकडे कापायच्या टेबलावर लेकीने नवीन उदाहरण काढलं होतं. वर्तुळ, बाहेर एक बिंदू, त्यातून एक स्पर्शिका. पायाखाली मोठं चाक फिरत होतं आणि पट्टा त्यावरून सुटून वर जात होता.

"आई, मध्ये बोलायचं नाही हं," लेक म्हणाली.

"मी कुठे बोलतेय."

तिने पेन्सिल घेतली. विचार केला. पुन्हा विचार केला. माझी बोटं वळवळायला लागली. मी जरा पुढे वाकले तर जाऊबाई म्हणाल्या, "दोन्ही हातांनी धर गं, सुटतंय." सुटत काहीच नव्हतं. तेव्हा कुठे मला कळलं की ते कापड माझ्या हातात का दिलं होतं.

लेकीने मध्यापासून त्रिज्या काढली. चुकीच्या जागी. स्पर्शबिंदूच्या चांगली बोटभर अलीकडे, जिथे रेघ अजून वर्तुळाला पोचलीच नव्हती. मी ओठ आवळून बसले. अकरा वर्षांत इतका वेळ गप्प बसल्याचं मला आठवत नाही.

जाऊबाईंनी मशीन थांबवलं आणि मान तिरकी करून आकृती बघितली. "पट्टा तिथे सुटतो का गं?"

लेकीने बघितलं. आकृतीकडे, मग मशीनच्या चाकाकडे, मग परत आकृतीकडे. रबराने त्रिज्या खोडली, पट्टी सरकवली आणि नवी काढली. बारीक, तुटक, मापून, अगदी जिथे काढायची तिथे. मग काटकोनाची छोटी चौकट केली.

तो प्रश्न मला सुचायला हवा होता. मी भूमिती शिकवते, आणि विचारला कोणी, तर आठवी झालेल्या बाईने. माझ्या पोटात दुखलंच. पण पडदा मी सोडला नाही.